खोटं बाहेर पडेपर्यंत

मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी प्रायश्चित्त करायला आलेय," आणि मी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. सुट्टी लागायच्या आधीचा आठवडा, बुधवारची दुपार. खालच्या अंगणात स्वयंपाकघरातल्या बायका मोठी पातेली घासत होत्या, आणि त्या खरखरीत आवाजात कुणी काहीही बोललं तरी थोडं गमतीचंच वाटतं. ती सहावीतली. दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ताणल्या गेल्या होत्या. पापनिवेदनाला जाताना मुली असं आवरून जातात. देव आधी मोजे बघतो अशी त्यांची समजूत आहे. आमच्या निवासी शाळेत सुट्टीवर निघण्याआधी प्रत्येक मुलीने पापनिवेदन करायचं अशी रीत आहे. चॅपलच्या कोपऱ्यात कपाटाएवढी लाकडी खोली आहे. जाळीच्या पलीकडे फादर बसतात, अलीकडे मुलगी गुडघे टेकते, पापं सांगते, फादर क्षमा करतात आणि प्रायश्चित्त म्हणून काहीतरी करायला सांगतात. बहुतेकींना एखादी प्रार्थना मिळते, ती त्या बाकावर बसून भराभर म्हणून टाकतात आणि खेळायला पळतात. हिला प्रार्थना मिळाली नव्हती. हिला माझ्याकडे पाठवलं होतं.

माझ्या दारावर 'पालकीय काळजी प्रमुख' अशी पाटी आहे. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली कुणी आहे असं नाही. मुलींना घरची आठवण येते, रात्री अंथरूण ओलं होतं, मैत्रीण बोलेनाशी होते, आईवडील वेगळे होतात, कुणाचं कुणी जातं. या सगळ्याचं जे काही करायचं ते मी करायचं. पूर्वी ही आजारी मुलींची खोली होती. भिंतीला बेसिन अजून आहे, नळ ठिबकतो, आणि रडून झालेल्या मुलीला तोंड धुवायला लांब जावं लागत नाही ही त्यातल्या त्यात सोय. माझा दादा म्हणतो, "आम्ही सगळे फुकट काळजी करतो, तू तेवढी पगार घेऊन करतेस." त्याचं म्हणणं बरोबर आहे. पगार घेऊन काळजी करणाऱ्याने रागवायचं नसतं. आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवलं. मूल बोलत असताना आपला चेहरा पाण्यासारखा ठेवा, असं शिकवणारी बाई सांगायची. त्या बाईच्या चेहऱ्यावर खरंच काही हलत नसे. मला तेव्हापासून साठलेल्या पाण्याची किळस आहे.

तर ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, पाठ टेकवली नाही. म्हणाली, फादरांनी मला सांगितलंय की सगळं खरं खरं तुम्हाला सांगायचं, काही गाळायचं नाही. मग तिने तिचं पाप सांगितलं. गेल्या सुट्टीत ती मावशीकडे होती, मावशी प्रवासाला गेली होती आणि गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायचं काम हिच्याकडे होतं. दोन दिवस ती विसरली. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, विचारलं, पाणी घातलंस? ती हो म्हणाली. काकांनी मातीत बोट घातलं तर कोरडी. हे सगळं तिने फार सविस्तर सांगितलं. कुठल्या कुंडीत कुठलं झाड, कुठलं पान आधी वाळलं. मी मान हलवत होते. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष खालच्या पातेल्यांकडे होतं, आणि मनात म्हणत होते, फादरांनाही काही कामं नाहीत, झाडांच्या पाण्यासाठी पोर माझ्याकडे पाठवलीय.

"मग काका रागावले का?"

"नाही. काका रागवत नाहीत." तिने मोजा पुन्हा वर ओढला. "त्यांनी मला डिकीत ठेवलं."

"कशात?"

"गाडीच्या डिकीत. खोटं बाहेर पडेपर्यंत. मी खोटं बोलले की तसंच असतं."

ती हे ज्या सुरात म्हणाली तो सूर मला इथे लिहिता येणार नाही. झाडांबद्दल बोलताना तिचा आवाज कापत होता आणि इथे आल्यावर तो सरळ झाला. हा भाग तिच्या पापाचा नव्हताच, तो फक्त पुढे काय झालं त्याचा होता. मी विचारलं, किती वेळ. ती म्हणाली, काका दुकानातून सामान घेऊन येईपर्यंत. गाडी दुकानाच्या खालच्या तळघरात उभी होती. ते आले आणि त्यांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं. "कारण सामान डिकीत ठेवायचं होतं ना," ती म्हणाली, मला कळलं नसेल म्हणून. घरी गेल्यावर त्यांनी तिला आइस्क्रीम दिलं. आइस्क्रीम कुठलं तेही तिने सांगितलं, काही गाळायचं नव्हतं म्हणून.

नळ ठिबकत होता. माझा चेहरा, माझी खात्री आहे, पाण्यासारखा होता. आतून तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि बाहेर मी हात मांडीवर ठेवून बसले होते, शिकवल्याप्रमाणे. मी म्हणाले, बाळा, हे तुझं पाप नाही. हे प्रायश्चित्तसुद्धा नाही. आणि लगेच कळलं की माझं चुकलं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला. प्रायश्चित्त नाही म्हणजे ते झालं नाही. झालं नाही म्हणजे क्षमा लागू पडली नाही, आणि सुट्टी तर शनिवारपासून. "मग मी परत सांगू का?" ती म्हणाली. "मी कुंड्यांचं नीट सांगितलं नाही का?" तिने पुन्हा पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. मी ते थांबवलं कसं? मी म्हणाले, "झालं. तुझं प्रायश्चित्त झालं." ती उठली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि जिन्यावरून उड्या मारत खाली गेली. एका मुलीला कुणीतरी डिकीत कोंडतं आणि तिने ते सांगितल्याबद्दल मी तिला क्षमा झाल्याचं सांगते. हे माझं काम.

फादर चॅपलच्या मागच्या खोलीत मिस्साच्या उपासनेची वस्त्रं घडी करत होते. तरुण माणूस आहे, मागच्याच वर्षी आला, मुलींना त्याचं गिटार आवडतं. मी दार ढकलून आत गेले आणि विचारलं, तुम्ही तिला माझ्याकडे शिक्षा म्हणून पाठवलंत? त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. घडी उलगडली, पुन्हा घातली. जाळीच्या पलीकडे जे ऐकलं ते धर्मगुरूने मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आणि ते आपण ऐकलं हेही नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून तो ना हो म्हणू शकत होता ना नाही. त्याचे कान लाल झाले होते. हा मुलगा रात्रभर झोपला नसेल, हे मला दिसत होतं. त्याच्याकडे बाहेर पडायला एकच फट होती आणि तिच्यातून त्याने तिला माझ्यापर्यंत ढकललं. हुशारीच केली, त्याला तसं वाटलंही असेल. पण ढकलताना ती फट कशाची आहे हे त्याने पाहिलं नाही. 'मॅडमकडे जा, त्या मदत करतील' असं तो म्हणू शकला असता. प्रायश्चित्त म्हणून सांगितलं की मूल ते नक्की करणार, म्हणून त्याने ती खात्रीची वाट घेतली. मुलीच्या डोक्यात मात्र आता कायमचं बसलं की डिकी ही तिच्या पापाची शेपटी आहे. "बोला ना काहीतरी," मी म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." मला त्याच्या हातातलं ते वस्त्र हिसकावून जमिनीवर टाकावंसं वाटलं. मी टाकलं नाही, दार मात्र आपटलं. चॅपलमध्ये दार आपटलं की आवाज फार वेळ राहतो.

जिना चढताना मला माझं पहिलं पापनिवेदन आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन, आणि माझ्याकडे पापंच नव्हती. बाकीच्या मुली एकमेकींना विचारून पापं जमवत होत्या. मी आत गेले आणि घाबरून सांगितलं, मी चोरी केली. काय चोरलंस? पेन्सिलचं टोकयंत्र. पलीकडचे म्हातारे फादर म्हणाले, ते परत करून ये, तेच तुझं प्रायश्चित्त. मी घरी आले, माझं स्वतःचं टोकयंत्र, लाल रंगाचं, दादाने मला दिलेलं, घेतलं आणि शेजारच्या मुलीला नेऊन दिलं. तिला काही कळेना. तिची आई म्हणाली, किती गुणी आहे. माझी आई मात्र माझ्यावर भडकली, वस्तू वाटत सुटलीय म्हणून, आणि तेव्हा मला जो राग आला होता तो नक्की कुणाचा होता हे मला सांगता येईना. आई म्हणाली, जा, तोंड धुऊन ये. आमच्या घरी रागावर हाच इलाज होता. मी तोंड धुतलं. पाणी थंड होतं, राग तसाच होता. त्या वयापासून मला एक गोष्ट ठाऊक आहे, की लहान मूल त्या जाळीसमोर काहीही स्वतःच्या नावावर घेऊ शकतं.

आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मदर म्हणतात. मदर वाईट बाई नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण वाईट बाई असती तर बरं झालं असतं. तिने शाळा कर्जातून वर काढली, गच्चीला कठडा घातला, एकदा साथीच्या तापात सगळ्या मुलींची डोकी स्वतः पुसली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "हे तिने तुम्हाला प्रायश्चित्त म्हणून सांगितलं?"

"हो."

"मग ते पवित्र संस्काराचा भाग झालं. मॅडम, प्रायश्चित्त हे पापनिवेदनातच मोडतं. त्याच्यावर गुप्ततेचं सील आहे. तुम्ही ते मला सांगायलाच नको होतं, आणि मी ते ऐकायला नको होतं."

आधी मला वाटलं ती थट्टा करतेय. मी म्हणाले, सील फादरांवर आहे, माझ्यावर नाही. मी खुर्चीत बसले होते, जाळीमागे नाही. मुलगी बोलत होती ती कुंडीबद्दल आणि डिकीबद्दल. ती म्हणाली, तुम्हाला तसं वाटतं, पण हे ठरवणं तुमचं काम नाही न् माझंही नाही, बिशप हाउसला विचारावं लागेल. कधी विचारणार? आता सुट्टी, तिथले सगळे बाहेर, सुट्टीनंतर. सुट्टीनंतर! मुलगी शनिवारी जाणार आणि हिचं उत्तर सुट्टीनंतर येणार. मी म्हणाले, तोवर तिला इथे ठेवू. इथे कशी ठेवणार, डॉर्मिटरीत ढेकणांचं औषध मारायचंय, माणसं ठरलीयत, पाणी बंद होणार. मी म्हणाले, माझ्या घरी. तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. "पालक म्हणून सही त्यांची आहे, तुमची नाही. आणि तो माणूस, मॅडम... दर सुट्टीत पहिला येतो. एकदा तरी उशीर केलाय? दुसऱ्यांच्या मुलींच्या बॅगासुद्धा उचलून देतो. मुलं कल्पना करतात. तुम्ही आत्ता रागात आहात."

"हो, मी रागात आहे."

"राग उतरला की बोलू," असं म्हणून तिने चष्मा घातला.

राग उतरला की बोलू. मला आयुष्यात हे किती जणांनी सांगितलं असेल. आईने, प्रशिक्षणवाल्या बाईने, एका माणसाने ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं आणि मग मोडलं. जणू राग म्हणजे ताप आहे, उतरला की माणूस शहाण्यासारखं बोलेल. राग उतरला की मला काय दिसणार होतं? डिकी छोटी दिसणार होती? मी बालसंरक्षणाच्या कार्यालयाला फोन केला. बाई सभ्य होती, थकलेली होती, तिच्या मागे दुसरे फोन वाजत होते. म्हणाली, नोंद केलीय, पुढच्या आठवड्यात कुणीतरी घरी जाऊन बघेल. अंगावर खुणा आहेत का? नाही. मग शाळेने लेखी कळवलं तर लवकर होईल. शाळा म्हणजे मदर. गुरुवारी मी मुलीच्या आईला फोन लावला. ती परदेशात नर्स आहे, वडील कधीचेच निघून गेलेत. ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत तिने घेतला, मागून ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ती खोटं बोलते हो मॅडम, लहानपणापासून. माझ्या बहिणीने तिला पदरात घेतलंय. मी इथे एकटी आहे. दुसरं कोण आहे आम्हाला?" मला ओरडायचं होतं, तुमच्या मुलीबद्दल बोलतेय मी. पण तिच्या आवाजात मला ऐकू आलं की तिने विश्वास ठेवला होता. पहिल्याच वाक्याला ठेवला होता, आणि आता ती तो दोन्ही हातांनी खाली दाबत होती, कारण विश्वास ठेवला तर तिला विमानात बसावं लागलं असतं आणि विमानात बसली तर नोकरी गेली असती. तिच्यावर मला रागवता आलं नाही. माझ्या रागातून ती एकटीच सुटली.

त्या दोन दिवसांत मला रस्त्यात दुसरं काही दिसेना. बसच्या खिडकीतून सगळ्या गाड्यांची मागची बाजूच दिसते, हे मी इतकी वर्षं पाहिलं नव्हतं. प्रत्येक गाडीला एक झाकण. सिग्नलला उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीकडे मी इतकी बघत राहिले की आतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, काय झालं, टायर बसलाय का. घराखालच्या दुकानासमोर एक बाई डिकी उघडून त्यात बटाट्याची पिशवी ठेवत होती, आणि तिच्या सहज हातांचा मला संताप आला. गुरुवारी संध्याकाळी जेवताना मी दादाला आणि वहिनीला सगळं सांगितलं. दादाने घास खाली ठेवला. थट्टा त्याला सुचली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाला, "त्या माणसाला चारचौघांत विचार."

"काय विचारू? तो हसेल. त्याचं हसणं फार चांगलं आहे. म्हणेल, मुलांच्या कल्पना, आणि सगळे माझ्याकडे बघतील."

"मग मुलीला बोलू दे."

"मुलीला मी सगळ्यांसमोर उभी करू? तिला वाटेल अजून एक प्रायश्चित्त."

वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही आधी जेवा." मी उठून बेसिनवर गेले आणि तोंड धुतलं, पन्नाशी उलटली तरी. आरशात एक जाडसर, भिजलेली बाई होती, तिच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब होता, आणि तिला पाहून कुणी घाबरलं असतं असं मला मुळीच वाटलं नाही. त्याचाही राग आला. देवाचा तर आलाच. देवाशी माझं बोलणं असतं, रोज असतं, पण त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं की तुझ्या घरातल्या लोकांना तू एवढी दारं, एवढ्या जाळ्या, एवढी सिलं दिलीस, आणि एका पोरीला पुढच्या सीटवर बसायची सोय दिली नाहीस. त्याने उत्तर दिलं नाही. त्याच्यावरही सील असेल.

शुक्रवारी ती मला कॉरिडॉरमध्ये भेटली. बॅग भरून झाली होती, खूश होती. हळूच म्हणाली, "मॅडम, मी या वेळी एकदापण खोटं बोलणार नाही. मी ठरवलंय, बोलायचंच कमी. काही बोललंच नाही तर खोटं येत नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घट्ट बांधलेले केस, खाली तिचं गरम डोकं. एवढंच केलं मी. अख्ख्या शाळेत सर्वांत शहाणी योजना त्या पोरीकडे होती.

शनिवारी सकाळी पोर्चमध्ये नेहमीसारखी गर्दी. आमच्या शाळेची आणखी एक रीत आहे, संस्थापक सिस्टरपासूनची: घरी जाणाऱ्या मुलीचा हात काळजीप्रमुख स्वतःच्या हातात घेते आणि पालकांच्या हातात देते. त्याशिवाय मुलगी पायरी उतरत नाही. पालकांना हे फार आवडतं, काही जण फोटो काढतात. मदर माझ्या शेजारी उभी होती, सगळ्यांना हसून नमस्कार करत. फादर चॅपलच्या दारात, खिशात हात घालून, जवळ यायला धजत नव्हता. आणि पहिली गाडी तिच्या काकांची. निळी, धुतलेली. तो उतरला, इस्त्रीचा शर्ट, मला म्हणाला, "काय, काळजी मॅडम, कशा आहात?" मागे जाऊन डिकी उघडली. दुसऱ्या एका मुलीची जड बॅग तिच्या आईच्या हातातून घेऊन त्यांच्या गाडीत ठेवली. ती आई "अहो कशाला" म्हणाली, तो "असू दे हो" म्हणाला. मग हिची बॅग त्याने मागच्या सीटवर टाकली. सीटवर. डिकी तशीच उघडी, रिकामी, आत काळा गालिचा, स्वच्छ. तो पायरीपाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

माझ्या हातात तिचा हात होता. कोरडा, लहान, त्यात कसलाही विरोध नव्हता. ती दुसऱ्या हाताने मोजा वर ओढत होती. मदर म्हणाली, "द्या मॅडम." मागे गाड्या थांबल्या होत्या, कुणीतरी हॉर्न दिला. त्या माणसाचा तळहात माझ्यासमोर होता, वाट बघत, स्वच्छ नखं. मी काही ठरवलं नव्हतं. कुणी मला नंतर विचारलं तर मी हेच सांगीन, आणि ते खरं आहे. मी एवढंच पाहिलं की हा हात मी त्या हातात ठेवू शकत नाही. मी तिला घेऊन पायऱ्या उतरले, त्याच्या बाजूने पुढे गेले, गाडीच्या मागे पोचले, तिचा हात सोडला, वळले आणि डिकीच्या काठावर बसले. मग पाय आत घेतले. माझ्यासारख्या बाईला हे पटकन होत नाही. आधी एक बूट अडकला, मग कंबर. गालिचा दिसतो तेवढा मऊ नव्हता.

पोर्चमध्ये हशा पिकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सुट्टीचा काहीतरी विनोद चाललाय. तोही हसला, ते चांगलं हसू. "मॅडम, तुम्हाला कुठे सोडू?"

"बंद करा," मी म्हणाले.

"अहो, कमरेला लागेल."

"लागू दे. झाकण लावा. मला बघायचंय."

"मॅडम," पायरीवरून मदर दबक्या आवाजात म्हणाली, "हे काय चालवलंय तुम्ही? बाहेर या."

मी हलले नाही. राग इतका होता की मला आता लाजसुद्धा वाटत नव्हती, आणि ते फार बरं वाटत होतं. तो झाकणावर एक हात ठेवून उभा होता, हसत, पण हसू आता एका जागी थांबलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. माझे गुडघे बाहेर आलेले, मान वाकडी. आणि तेव्हा ती पुढे आली. मुलीचा स्वभावच मदत करण्याचा आहे. तिने डिकीत वाकून पाहिलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या, सरळ आवाजात म्हणाली, "असं नाही मॅडम. आधी गुडघे पोटाशी घ्या, नाहीतर झाकण लागत नाही. आणि तोंड त्या बाजूला करा, तिकडे फटीतून जरा वारा येतो."

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते अजून हसत होते. पुढच्यांचं थांबलं, मग त्यांच्या मागच्यांचं. जिची बॅग त्याने उचलून दिली होती ती आई तोंडावर हात ठेवून उभी राहिली. त्याने झाकणावरचा हात काढला. म्हणाला, "हिचं काहीतरी..." चॅपलच्या दारातून फादर पळत येत होता. आता पळत होता. मदर पायऱ्या उतरून आली. तिचा चेहरा मी इतकी वर्षं पाहतेय, तो मी असा कधी पाहिला नव्हता. तिला पश्चात्ताप झाला की इतक्या पालकांनी ऐकलं म्हणून धडकी भरली, मला माहीत नाही, आणि मला ते माफ करायचंही नाही. तिने मुलीचा खांदा धरून तिला स्वतःकडे ओढलं आणि त्या माणसाला, कार्यालयातल्या थंड आवाजात, म्हणाली, "हिचा एक पेपर राहिलाय. ही आज येणार नाही. तुम्ही जा."

पेपर कुठलाच राहिला नव्हता. निकालसुद्धा लागले होते. मुलीने मान वर करून मदरकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे, मी त्या डिकीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि जीव खाऊन ओढायला लागली.

"मॅडम, लवकर बाहेर या," ती म्हणाली. "मदर खोटं बोलल्या."